जिन्यातल्या बैठकीपासून प्रभाग समितीपर्यंत: गल्लीतला प्रश्न तडीला कसा न्यायचा

आमच्या गल्लीच्या तोंडाशी दर पावसाळ्यात घोट्याच्या वर पाणी साचायचं. त्या पाण्याखाली एक चेंबर होतं आणि त्याच्या झाकणाचा कोपरा तुटलेला होता. गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. शाळेला निघालेल्या मुलांना आया बजावायच्या, "खांबाच्या डाव्या बाजूने जा." कोणीतरी तिथे झाडाची फांदी खोचून ठेवायचं, ती वाहून गेली की दुसरी.

२९ ऑगस्ट २०१७ ला मुंबई पाण्यात गेली आणि प्रभादेवीला उघड्या मॅनहोलमध्ये पडून एका नामवंत डॉक्टरांचा जीव गेला. ती बातमी आली त्या रात्री आमच्या जिन्यात पंधरा-वीस माणसं आपसूक जमली. बोलता बोलता कळलं, की वर्षभरात अकरा घरांनी त्या चेंबरबद्दल तक्रार केली होती. कोणी कचऱ्याच्या चौकीवर सांगितलं होतं, कोणी फोनवर, कोणी ओळखीच्या कार्यकर्त्याच्या कानावर घातलं होतं. प्रत्येकाने जागेची खूण वेगळी दिली होती आणि खातंही वेगळं धरलं होतं. अकरा जण बोलले होते, पण आमच्या गल्लीच्या नावाचा एक कागद कुठे नव्हता.

त्या रात्रीपासून मी गल्लीच्या, एएलएमच्या (म्हणजे इमारतींनी एकत्र येऊन केलेल्या नोंदणीकृत गटाच्या) आणि वॉर्ड ऑफिसच्या बैठकांना जाते आहे. मुंबईत बोललेलं पहिल्या पावसात वाहून जातं, आवक क्रमांक, म्हणजे ऑफिसात कागद आल्याच्या नोंदीचा आकडा, पडलेलं टिकतं, एवढं मी त्यातून शिकले. सध्या याची गरजही जास्त आहे. ७ मार्च २०२२ ला महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढे जवळजवळ चार वर्षं प्रशासकाचा कारभार होता. १५ जानेवारी २०२६ ला मतदान होऊन २२७ नगरसेवक निवडून आले. मधल्या काळात मतदार झालेल्या मुलामुलींनी प्रभाग समिती हा शब्दही ऐकलेला नाही, आणि मोठ्यांची सवय मोडली आहे.

आधी हद्द समजून घ्या

आपण 'वॉर्ड' हा एकच शब्द दोन गोष्टींसाठी वापरतो आणि तिथूनच घोळ सुरू होतो. प्रशासकीय विभाग अक्षरांनी ओळखले जातात: कुलाब्याकडचा ए, दादरचा जी उत्तर, मुलुंडचा टी. वर्षानुवर्षं असे २४ विभाग होते, आता मोठे विभाग फोडून संख्या वाढते आहे. प्रत्येक विभागाचा प्रमुख सहायक आयुक्त, म्हणजे आपण ज्यांना वॉर्ड ऑफिसर म्हणतो ते. निवडणुकीचे प्रभाग याहून वेगळे. त्यांना क्रमांक असतात, एकूण २२७, आणि प्रत्येकाला एक नगरसेवक. अर्जावर दोन्ही लिहा: विभाग अमुक, प्रभाग क्रमांक अमुक. एवढ्यानेही तुमचा कागद योग्य टेबलावर लवकर पोचतो.

मग जागा कोणाची ते बघा. गल्लीबोळातले बहुतेक रस्ते महापालिकेचे आहेत. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग २०२२ च्या अखेरीस एमएमआरडीए या राज्याच्या प्राधिकरणाकडून महापालिकेकडे आले. पण म्हाडा वसाहतींचे अंतर्गत रस्ते, रेल्वेची, पोर्ट ट्रस्टची (आता पोर्ट ऑथॉरिटी) किंवा कलेक्टरची जमीन, सोसायटीच्या फाटकाच्या आतला रस्ता, यांतल्या प्रत्येकाचा धनी निराळा. विजेचंही तसंच. शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी आणि टाटा, भांडुप-मुलुंडकडे महावितरण. रस्त्यावरचा दिवा गेला तर खांबावर रंगवलेला क्रमांक टिपून घ्या, त्या क्रमांकाशिवाय माणूस येत नाही.

'गटार' म्हणजे नक्की कुठलं?

यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण मुंबईतल्या निम्म्या तक्रारी इथेच चुकीच्या दारात जातात.

रस्त्याखाली दोन वेगळ्या वाहिन्या असतात. संडास-बाथरूमचं पाणी नेणारी ती मलनिस्सारण वाहिनी. पावसाचं पाणी नाल्यात आणि तिथून खाडीत किंवा समुद्रात सोडणारी ती पर्जन्य जलवाहिनी. दोन्हींची खाती वेगळी, अभियंते वेगळे, गाड्या वेगळ्या. ओळखायची सोपी रीत म्हणजे एप्रिल-मेमध्ये बघा. पावसाचा थेंब नसताना झाकणातून पाणी वर येत असेल आणि घाण वास असेल, तर ती मलवाहिनी तुंबलेली आहे. कोरड्या दिवसांत काहीच नाही आणि सर आली की पंधरा मिनिटांत डबकं होत असेल, तर दोष पर्जन्य जलवाहिनीत आहे. कडेच्या उघड्या गटारात प्लास्टिक आणि पालापाचोळा अडकला असेल, तर घनकचरा खात्याच्या चौकीवरचा मुकादमसुद्धा ते काम करून घेऊ शकतो. त्याला अर्ज नको असतो, सकाळी सात वाजता तिथे जाऊन भेटणारा माणूस हवा असतो.

मुंबईच्या जुन्या पर्जन्य जलवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस पेलतील अशा बेताने बांधलेल्या होत्या. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड या पर्जन्य जलवाहिन्यांवरच्या अहवालाने ती क्षमता ५० मिलिमीटरवर नेण्याची शिफारस केली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. हे आकडे माहीत असले की अभियंत्याशी बोलताना नेमका प्रश्न विचारता येतो: "आमच्याकडे पाणी साचतं ते वाहिनी लहान आहे म्हणून, की गाळ आहे म्हणून, की पुढे नाला खाडीला किंवा समुद्राला मिळतो त्या तोंडाशी अडतंय म्हणून?" या तिन्हींचे उपाय वेगळे, खर्च वेगळे, आणि मंजुरीही वेगवेगळ्या टेबलांवरून येते.

पाण्याच्या दाबाची तक्रार असेल तर आधी चावीवाल्याशी, म्हणजे पाण्याचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कर्मचाऱ्याशी बोला. तुमच्या गल्लीचा व्हॉल्व्ह कधी उघडतो, किती वेळ, आणि दाब कधीपासून पडला, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नसतं.

जिन्यातली बैठक

पहिली बैठक आपलीच. तिला जागा लागते ती इमारतीचं अंगण, गणेशोत्सव मंडळाची खोली, वाचनालय किंवा सरळ जिना. रविवारी सकाळी अकराची वेळ मला बरी वाटते. आठवड्यात ठेवलीत तर रात्री नऊच्या आधी ठेवू नका, कारण कल्याण-विरार लोकलने येणारा माणूस त्याआधी घरी पोचत नाही, आणि त्याच्याविना घेतलेला निर्णय त्याला आपला वाटत नाही.

बोलवायचं कोणाला हा खरा प्रश्न आहे. सोसायट्यांच्या बैठकांना सभासद येतात आणि भाडेकरू, कोपऱ्यावरचा वाणी, रिक्षावाले आणि मागच्या वस्तीतली घरं वगळली जातात. याचं मला मनापासून वाईट वाटतं. पाणी साचलं की ते आधी वस्तीतल्या घरांत शिरतं. आमच्या बैठकीत चेंबरची सगळ्यात अचूक माहिती दिली ती पहाटे टोपली घेऊन त्याच कोपऱ्यावर बसणाऱ्या मासेवाल्या मावशींनी. झाकण कधी तुटलं, कुठल्या टेम्पोचं चाक त्यावरून गेलं, पाणी कुठून वर येतं, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर घडलं होतं. आम्ही वर्षभर त्यांच्याकडून बांगडे घेत होतो आणि हे कधी विचारलं नव्हतं.

एका बैठकीत एकच विषय घ्या. पार्किंग, भटके कुत्रे, पुनर्विकास हे निघणारच. ते शेवटी वेगळ्या कागदावर लिहून पुढच्या तारखेला ढकला. एक जण बोलणी चालवेल, एक जण लिहील. लिहिणाऱ्याने फक्त तीन गोष्टी लिहायच्या: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. उठायच्या आधी ते मोठ्याने वाचून दाखवायचं आणि सह्या घ्यायच्या. पदांच्या फंदात पडू नका. अध्यक्ष-सचिव ठरवताना आमच्या शेजारच्या गल्लीत दोन घरांचं बोलणं बंद झालं होतं आणि विषय बाजूला राहिला. दोन संपर्क माणसं पुरतात, त्यांतली एक तरी दिवसा मोकळी असावी.

बैठकीनंतर दोघांनी जाऊन जागेचे फोटो काढा. एक जवळून, एक लांबून, ज्यात इमारतीचं नाव किंवा दुकानाची पाटी दिसेल असा. तारीख उमटली पाहिजे.

अर्ज

आधी तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. १९१६ वर फोन करा, किंवा महापालिकेच्या ८९९९२२८९९९ या व्हॉट्सॲप क्रमांकावर नोंदवा. पूर्ण गल्लीने एकाच शब्दांत, एकाच खुणेने नोंदवा. मग लेखी अर्ज करा. अर्ज मराठीत करा. महापालिकेचा कारभार मराठीत चालतो, टिपणी मराठीत लिहिली जाते, आणि तुमचं वाक्य जसंच्या तसं त्या टिपणीत उतरलं तर अर्धं काम होतं. गल्लीत गुजराती, तमीळ, भोजपुरी बोलणारी घरं असतील तर त्यांच्या वतीने आपण मराठी लिहावं, त्यांनी सह्या कराव्यात.

आमचा अर्ज साधारण असा होता:

"प्रति, सहायक आयुक्त, … विभाग.
विषय: … मार्ग, … इमारतीसमोरील पर्जन्य जलवाहिनीच्या चेंबरचे तुटलेले झाकण बदलणे व वाहिनीतील गाळ काढणे.
महोदय, वरील ठिकाणी झाकणाचा कोपरा तुटलेला असून ५० मीटरवर प्राथमिक शाळा आहे. पावसात येथे पाणी साचून चेंबर दिसत नाही. तक्रार क्रमांक … व … आपल्याकडे नोंदलेले आहेत. विनंती: (१) झाकण तातडीने बदलावे व आत संरक्षक जाळी बसवावी. (२) आमच्या दोन प्रतिनिधींसह संयुक्त पाहणी करून वाहिनीची स्थिती तपासावी. (३) केलेल्या कार्यवाहीची माहिती लेखी द्यावी.
सोबत: छायाचित्रे ४, नकाशा १, रहिवाशांच्या सह्या ६३."

यात संताप नाही, इतिहास नाही, 'आम्ही कर भरतो' नाही. संताप खरा होता, पण तो वाचणाऱ्याला पुढे काय करायचं ते सांगत नाही. 'संयुक्त पाहणी' हे दोन शब्द मात्र कधी विसरू नका. अभियंता जागेवर येऊन तुमच्याबरोबर उभा राहिला की फाइल हलते, कारण त्याला पाहणीत काय दिसलं ते लिहावं लागतं.

वॉर्ड ऑफिसात

दोन प्रती घेऊन जा. एक आवक-जावक विभागात द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन ती पोच जपायची. "ठेवून जा, साहेबांना देतो" असं कोणी म्हटलं तरी नम्रपणे थांबा आणि पोच घ्याच. नगरसेवक, संबंधित खात्याचे सहायक अभियंता आणि परिमंडळाचे (काही विभागांच्या गटाचे) उप आयुक्त यांनाही प्रत द्या, आणि प्रत्येकाची पोच घ्या.

भेट मात्र खालून सुरू करा. कनिष्ठ किंवा दुय्यम अभियंत्याला डावलून थेट वरच्या साहेबांच्या केबिनमध्ये गेलात, तर तो अर्ज फिरून त्याच अभियंत्याकडे येतो, आणि आता तो दुखावलेला असतो. अभियंते सकाळी जागेवर असतात, दुपारनंतर ऑफिसात सापडतात. सहायक आयुक्तांच्या भेटीची वेळ फलकावर लिहिलेली असते. जाताना तिघं-चौघं जा, तीस माणसं नेऊ नका. बोलणारा एकच ठेवा.

आम्हाला जे अभियंता भेटले ते म्हणाले, "ताई, झाकण मी आठवड्यात बसवतो, पण पाणी साचायचं थांबणार नाही. पुढची वाहिनी खचली आहे, त्याला अंदाजपत्रक करावं लागेल." एवढं स्पष्ट बोलणारा माणूस भेटला की त्याचं ऐका. त्यांनीच आम्हाला मार्चच्या आत पाठपुरावा करायला सांगितलं.

बैठकीच्या खोलीत

नागरिकांना बसता येईल अशी सगळ्यात जवळची बैठक एएलएमची, म्हणजे प्रगत परिसर व्यवस्थापनाची. घाटकोपर पूर्वच्या जोशी लेनमध्ये १९९७ च्या सुमारास कचऱ्याच्या प्रश्नावरून ही चळवळ उभी राहिली आणि महापालिकेने ती शहरभर नेली. गल्लीतल्या इमारती एकत्र येऊन विभाग कार्यालयात नोंदणी करतात. काही ठिकाणी त्या जोमात आहेत, काही ठिकाणी नावापुरत्या उरल्या आहेत. तुमच्या भागात बंद पडलेली असेल तर नवी काढण्याआधी जुन्या माणसांना शोधा, त्यांच्याकडे कागद असतात.

प्रभाग समिती ही कायद्याने आलेली. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने मोठ्या शहरांत अशा समित्या बंधनकारक केल्या आणि मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मध्ये त्यासाठी कलम ५०टीटी आलं. मुंबईत काही विभाग एकत्र करून १७ समित्या चालत आल्या आहेत. उदाहरणार्थ ए, बी आणि ई यांची मिळून एक. त्यात त्या भागातले नगरसेवक, विभागाचे अधिकारी आणि कायद्यानुसार स्वयंसेवी किंवा वस्ती पातळीवरच्या संस्थांचे तीनपर्यंत नामनिर्देशित सदस्य असतात. पाणी, मलनिस्सारण, सफाई, पावसाचं पाणी यांबद्दलच्या सामायिक तक्रारी सोडवणं, आणि विभागाच्या खर्चाच्या अंदाजावर शिफारस करणं हे तिचं काम. नामनिर्देशित जागांबद्दल आपल्या नगरसेवकाला नक्की विचारा. तुमच्या भागात मनापासून काम करणारी संस्था असेल तर तिचं नाव लेखी सुचवा.

या बैठकीत आपल्याला थेट बोलता येईलच असं नाही. आपला मुद्दा नगरसेवकाच्या तोंडून जातो. म्हणून बैठकीच्या आठवडाभर आधी त्यांना एका पानाचं टिपण द्या: जागा, आवक क्रमांक, पाहणीत काय दिसलं, आपली मागणी कोणती. तुम्ही मत कोणाला दिलंत हे इथे गौण आहे. निवडून आलेला नगरसेवक सगळ्या प्रभागाचा असतो आणि त्याच्याशी त्या नात्यानेच बोला.

बोलायची संधी मिळाली तर दोन मिनिटं धरा. पहिल्या वाक्यात जागा, दुसऱ्यात धोका, तिसऱ्यात मागणी. मग एकच प्रश्न विचारा: "हे कोणत्या तारखेपर्यंत होईल?" उत्तर आलं की म्हणा, "कृपया हे इतिवृत्तात, म्हणजे बैठकीच्या लेखी नोंदीत घ्या."

आणि घरी आल्यावर, दोन दिवसांच्या आत, स्वतः पत्र द्या: "दिनांक … च्या बैठकीत ठरल्याप्रमाणे … हे काम … पर्यंत करण्याचे आपण मान्य केले, त्याबद्दल आभार." याचीही पोच घ्या. अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात, नवीन आलेल्याला तुमचं बोलणं माहीत नसतं. त्याच्यासमोर हे पत्र ठेवता येतं. मी केलेल्या सगळ्या खटपटीत याचा उपयोग सगळ्यात जास्त झाला.

वर्षाचं गणित

महापालिकेचा अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या सुरुवातीला मांडला जातो. २०२५-२६ चा ७४,४२७ कोटींचा होता. अलीकडे त्याआधी नागरिकांकडून सूचनाही मागवल्या जातात. मोठं काम हवं असेल तर दिवाळी झाली की कामाला लागा. नालेसफाई ३१ मेपर्यंत उरकायची असते, म्हणून मेमध्ये नाल्यावर जाऊन गाळ उचलला जातोय का ते बघा. नुसता काठावर काढून ठेवलेला गाळ पहिल्या सरीत परत आत जातो. पावसाळ्यात नवीन चर खणला जात नाही, तातडीची दुरुस्ती तेवढी होते.

झाडावर लावलेली तोडीची नोटीस दिसली तर त्याच दिवशी फोटो काढा, हरकतीला सातच दिवस असतात. शहराच्या विकास आराखड्याचं म्हणाल, तर फेब्रुवारी २०१५ मध्ये जाहीर झालेला मसुदा एप्रिलमध्ये मागे घ्यावा लागला. लोकांनी आपापल्या भागाची नकाशापानं उघडून चुका दाखवल्या होत्या, त्यात गल्ली-गल्लीतल्या माणसांचे डोळे होते.

अडलं तर

तक्रार निकाली निघाल्याचा संदेश आला आणि जागेवर काही दिसत नसेल, तर त्याच दिवशीच्या फोटोसह ती पुन्हा उघडायला सांगा. पुढची पायरी परिमंडळाचे उप आयुक्त. त्यानंतर लोकशाही दिन, म्हणजे अधिकाऱ्यांनी नागरिकांच्या तक्रारी ऐकण्याचा ठरलेला दिवस. तिथे आधीच्या अर्जांची पोच लागते, विहित नमुन्यात आणि आगाऊ अर्ज द्यावा लागतो, आणि न्यायप्रविष्ट किंवा माहिती अधिकाराचे विषय घेतले जात नाहीत.

माहितीचा अधिकार शेवटी वापरा, पण नीट वापरा. दहा रुपये शुल्क, महाराष्ट्राच्या नियमांनुसार एक विषय आणि १५० शब्द. उत्तराला ३० दिवस, पहिलं अपील पुढच्या ३० दिवसांत, दुसरं ९० दिवसांत. 'काम का केलं नाही' असं विचारू नका, कायदा कागद देतो, कारणमीमांसा देत नाही. असं मागा: "आवक क्रमांक … च्या अर्जावरील सर्व टिपण्या, पाहणी अहवाल व अंदाजपत्रकाच्या प्रती." शिवाय नोव्हेंबर २०१८ च्या शासन परिपत्रकानुसार स्थानिक संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहता येतात. आपल्या विभागात त्याची व्यवस्था कुठे आहे ते विचारा. फाइल स्वतः डोळ्यांनी बघितली की ती नेमकी कुठल्या टेबलावर थांबली ते कळतं.

काम सुरू झाल्यावर

आमचं झाकण सप्टेंबरमध्येच बसलं, आत जाळीही आली. वाहिनीचं काम पुढच्या वर्षी मे महिन्यात झालं. तेव्हा आम्ही पाळ्या लावून थांबलो. कामगारांना पाणी दिलं, आणि मुकादमाकडून कामाचा आदेश, ठेकेदार आणि दोष दायित्व कालावधी लिहून घेतला. त्या कालावधीत काम खचलं तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. हे माहीत नसल्याने कित्येक गल्ल्या नव्याने अर्ज करत बसतात. चर बुजवल्यावर त्यावर भरपूर पाणी ओतून बघा, खड्डा पडायचा असेल तर तेव्हाच दिसतो.

काम नीट झालं की अभियंत्याला आभाराचं पत्र द्या, प्रत वॉर्ड ऑफिसरना. आम्ही दिलं तेव्हा त्यांनी ते दोनदा वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं.

आमची फाइल आता दोन बोटं जाड झाली आहे: पोच, फोटो, सह्यांची पानं, बैठकांची टिपणं. इतकी वर्षं ती माझ्या कपाटात होती. गेल्या महिन्यात ती तळमजल्यावरच्या मुलीकडे दिली. चेंबरच्या वेळी ती तिसरीत होती आणि खांबाच्या डाव्या बाजूने शाळेत जायची. आता पाण्याच्या दाबाचा अर्ज तिने लिहिला आहे, आवक क्रमांक कालच पडला.